निवांत सहल, दरीच्या काठाने

सहलीला जायचे ठरले की घरातल्या इतरांना आनंद होतो आणि गृहिणीच्या पोटात गोळा येतो. दोन दिवस आधीपासून चिवडा, लाडू, धपाटे. आदल्या रात्री बारापर्यंत बॅगा. पहाटे चारला उठून सगळ्यांचे पाणी तापवायचे, डबे भरायचे, झोपेतल्या मुलांना कपडे चढवायचे. मग दिवसभर गाडीतून उतरा, पाहा, चढा, पुन्हा उतरा. एका दिवसात पाच-सहा ठिकाणे 'उरकायची' आणि रात्री घरी येऊन धुण्याचा ढीग बघत बसायचे. मागच्या वर्षी आमच्या शेजारच्या काकू अशाच एका बसच्या सहलीला जाऊन आल्या. काय काय पाहिलं, असे विचारले तर म्हणाल्या, "बाई, बसची खिडकी पाहिली आणि देवळाबाहेरची रांग पाहिली." वर तीन दिवस अंथरुणाला खिळल्या होत्या.

सहल विश्रांतीसाठी असते, हे आपण बोलतो खरे, पण आखताना विसरतो. या लेखात मी एका निवांत सहलीची आखणी सांगणार आहे. तीन दिवस, दोन रात्री आणि पाहायची जागा मुळात एकच. सूत्रही एकच: थांबे कमी करायचे आणि प्रत्येक थांब्यावर वेळ वाढवायचा. आणि त्या वेळात घरातल्या बाईलाही बसता आले पाहिजे, हे आधीच ठरवायचे.

डोंगर नको, दरी पाहू या

आमचे पाचोड पैठण तालुक्यात, सोलापूर-धुळे महामार्गावर. मोसंबीच्या बागा सोडल्या तर मुलूख सपाट आणि कोरडा. सुटी लागली की इकडच्या लोकांच्या डोळ्यांपुढे महाबळेश्वर नाही तर कोकण येते. पण जाण्यायेण्यातच दोन दिवस मोडतात. त्यापेक्षा आपल्याच जिल्ह्यात, सुमारे दीडशे-एकशे साठ किलोमीटरवर, जगभरचे लोक पाहायला येतात अशी दरी आहे. ती म्हणजे अजिंठ्याची वाघोरा नदीची दरी. आपण तिला 'अजिंठा लेणी' म्हणतो आणि दरीकडे बघतच नाही.

साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्या या भागात जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला. एक थर गार झाला की त्यावर दुसरा, मग तिसरा, असे थरावर थर बसत गेले. तोच आपला काळा पाषाण. घाटातून जाताना डोंगराच्या अंगावर पायऱ्यांसारख्या आडव्या रेघा दिसतात ना, ते हेच थर. वाघोरा नदीने हा पाषाण कापत कापत घोड्याच्या नालेसारखे वळण घेतले. वळणाच्या आतल्या बाजूला सुमारे 76 मीटर उंचीचा कडा उभा आहे आणि त्याच कड्याच्या पोटात तीस लेणी आहेत. दरीच्या टोकाला नदी एकाखाली एक अशा कुंडांतून उड्या घेत खाली येते. त्या जागेला सातकुंड म्हणतात.

अमेरिकेत मुलाकडे किंवा लेकीकडे जाऊन आलेल्या सासूबाई हल्ली गावोगाव भेटतात. त्यांच्या अल्बममध्ये ग्रँड कॅन्यनचा फोटो असतोच. कोलोरॅडो नदीने वाळवंटी मुलखात कापलेली ती दरी 446 किलोमीटर लांब आणि दीड किलोमीटरहून अधिक खोल आहे. तिच्यापुढे आपली वाघोरा म्हणजे घरची परसबाग. पण तिथले लोक दरी कशी पाहतात, ते शिकण्यासारखे आहे. बहुतेक माणसे खाली उतरतच नाहीत. काठाकाठाने गाडी जाते, ठरलेल्या जागी थांबते, लोक कठड्याशी बसून ऊन-सावली बघतात. उतरून नदीपर्यंत जाऊन त्याच दिवशी वर येण्याचा प्रयत्न करू नका, असे तिथले अधिकारी निक्षून सांगतात.

यातले कारण समजून घेतले तर आपली सहल निम्मी सोपी होते. डोंगरावर चढण आधी असते आणि उतरण नंतर. दमलो तर आपण मध्येच परत फिरतो. दरीत सगळे उलट. उतरताना पाय आपोआप पडतात, बरे वाटते, आणि चढण येते ती नेमकी दमल्यावर, डोक्यावर ऊन आल्यावर. म्हणून दरी पाहायची ती वरून, काठावर बसून. खाली जायचेच असेल तर वेगळ्या दिवशी, सकाळच्या गारव्यात आणि वेगळ्या वाटेने.

केव्हा जावे

मे महिन्यात मुलांना सुटी असते म्हणून लोक निघतात. त्या दिवसांत आपल्याकडे पारा चाळिशीच्या पुढे असतो, दरीतला काळा दगड तव्यासारखा तापतो आणि नदीत पाणी नसते. तेव्हा अजिंठा नकोच. श्रावण-भाद्रपदात दरी हिरवीगार असते, धबधबे चालू असतात, पण काठ निसरडा आणि गर्दीही बरीच. घरात वयस्कर माणसे आणि लहान मुले असतील तर दिवाळीच्या सुटीपासून माघापर्यंतचा काळ उत्तम. हवा कोरडी आणि गार असते. गवत पिवळे पडलेले असते, पाणी मंदावलेले असते. पण झाडी विरळ झाल्यामुळे खडकाचे थर, कडा, नदीचे वळण सगळे स्वच्छ दिसते.

वार मात्र नीट बघा. अजिंठा लेणी सोमवारी बंद असतात, वेरूळची मंगळवारी. रविवारी आणि सलग सुट्यांत गर्दी उसळते. दिवाळीच्या सुटीत जाणार असाल तर मंगळवारी निघून गुरुवारी परतावे.

आणि हो, 'एवढं लांब जातोच आहोत तर वेरूळही करू, दौलताबादही करू' असे कोणीतरी म्हणणारच. आमच्याकडे हे काम यांच्या धाकट्या भावाकडे असते. त्याला प्रेमाने सांगावे, "भाऊजी, वेरूळ पुढच्या वर्षी." वेरूळची सहल वेगळी, अजिंठ्याची वेगळी. दोन्ही एकत्र केल्या की दोन्ही वाया जातात.

पहिला दिवस: पोचण्याची घाई नाही

पहाटे चारला निघण्याचे काही कारण नाही. सगळ्यांचे चहापाणी झाल्यावर आठच्या सुमारास निघावे. पाचोडहून आडूळमार्गे संभाजीनगर पन्नासेक किलोमीटर. महामार्ग मोठा आहे, तासाभरात शहराजवळ येतो. शहरात शिरू नये. शिरलात की कोणाला तरी कापड दुकान आठवते! बाहेरच्या रस्त्याने जळगाव रस्त्याला लागावे. पुढे चौक्याचा घाट आणि फुलंब्री. घाट छोटासाच आहे, पण इथूनच जमिनीचा रंगढंग बदलतो. मुलांना इथे कामाला लावावे: डोंगरात आडवे थर किती दिसतात ते मोजा. मोबाइल आपोआप खाली ठेवला जातो.

फुलंब्रीच्या आसपास पहिला थांबा, अर्ध्या तासाचा. घरचा डबा उघडायचा तो इथे. दुसरा थांबा सिल्लोड. संभाजीनगरहून सिल्लोड साधारण पासष्ट किलोमीटर आहे. हिरव्या मिरचीचा हा तालुका. बाजार मोठा आहे, जेवणाची ठिकाणे आहेत, औषधाची दुकानेही आहेत. पुढे रात्रीपर्यंत लागणारे जे काही विसरले असेल ते इथे घ्यावे.

सिल्लोडहून गोळेगावमार्गे अजिंठा गाव. गाव ओलांडल्यावर घाट उतरण्याआधी डावीकडे व्ह्यू पॉइंटचा फाटा फुटतो. फाट्यापासून सुमारे आठ किलोमीटर आत जायचे. वाट खेड्यातून जाते, म्हणून फाट्यावर एकदा विचारून घ्यावे. निवांत सहलीचे खरे ठिकाण हेच आहे आणि लेण्यांच्या घाईत लोक नेमके हेच सोडतात. गाडी काठाच्या अगदी जवळपर्यंत जाते. थोडे चालले की समोर पूर्ण दरी: नालेसारखे वळण, कड्यातली लेण्यांची ओळ, खाली नदीचा पांढुरका पट्टा.

28 एप्रिल 1819 रोजी जॉन स्मिथ नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी शिकारीला आला असता त्याला दरीपलीकडे दहाव्या लेण्याची कमान दिसली, आणि विस्मृतीत गेलेली लेणी पुन्हा जगापुढे आली. त्या लेण्यातल्या खांबावर त्याने आपले नाव आणि तारीखही कोरून ठेवली. (मुलांना हे सांगताना जोडून सांगावे की अशी नावे कोरणे हा आता गुन्हा आहे.)

काठावरचा एक तास

आम्ही गेलो तेव्हा सासूबाई बरोबर होत्या. त्यांचे गुडघे गेल्या काही वर्षांपासून धरले आहेत. सहलीचे निघाले की त्या म्हणायच्या, "मला कशाला गं? तुम्ही जा. माझं ओझं कोण वाहील?" आणि घर सांभाळायला मागे राहायच्या. लग्न होऊन पाचोडला आल्याला त्यांना अठ्ठेचाळीस वर्षे झाली. अजिंठा त्यांनी फक्त कॅलेंडरवर पाहिला होता.

या वेळी मी आधी यांना विचारून घेतले की गाडी काठापर्यंत जाते का. मग घडीची खुर्ची डिकीत टाकली आणि त्यांना म्हटले, "आई, तुम्हाला चालायचंच नाहीये. बसायचंय फक्त." चार वाजून गेले होते. ऊन तिरपे झाले होते आणि कड्याच्या सावल्या दरीत उतरत होत्या. कठड्यापासून पुरेसे आत त्यांची खुर्ची मांडली, हातात चहाचा पेला दिला. मुले माकडे मोजत होती. त्या बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हे इतके दिवस इथंच होतं?"

मी शेजारी सतरंजीवर बसले होते. इथंच होते. आपल्यापासून चार तासांवर. फक्त कोणी खुर्ची आणली नव्हती.

घरोघरी अशी एक तरी व्यक्ती असते. कोणाचे गुडघे, कोणाचा दमा, कोणाचे ऑपरेशन झालेले. 'त्यांना झेपणार नाही' असे आपण त्यांच्या वतीने ठरवून टाकतो आणि त्याही आपल्यापुढे अडचण नको म्हणून 'हो' म्हणतात. मग सहल त्यांच्याशिवाय होते, एकदा, दोनदा, कायमचीच. माझे म्हणणे असे आहे की सहल आखताना सुरुवातच त्यांच्यापासून करावी. सर्वांत कमी चालणाऱ्या माणसाला जे झेपेल ते सगळ्यांनी मिळून पाहायचे. बाकी धडधाकट मंडळींना हवे तर तेवढ्यात एक फेरी मारून येता येते. व्ह्यू पॉइंटपासून खाली लेण्यांकडे पायऱ्यांची वाट आहे, पण मघाशी सांगितले ते विसरू नका: उतरलेल्यांनी परत वर चढायचे असते.

काठावर लहान मुलांचा हात सोडायचा नाही. सेल्फीसाठी कठड्यावर कोणी चढायचे नाही. अंधार पडण्याआधी तिथून निघून घाट उतरावा आणि फर्दापूरला मुक्कामाला जावे. तिथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान आहे. खोली आधीच ठरवावी आणि ठरवताना तळमजल्याचीच मागावी. वयस्कर माणसांसाठी उंच कमोड आहे का, गरम पाणी किती वाजता येते, हे फोनवरच विचारावे. विचारायला संकोच कसला?

दुसरा दिवस: चार लेणी पुरेत

लेणी सकाळी नऊला उघडतात. खासगी गाड्या फर्दापूरच्या तिठ्यावर ठेवाव्या लागतात. तिथून चार किलोमीटर लेण्यांच्या बसने जायचे. पहिल्या बसला बसलात तर दुपारच्या आत सगळे आटोपते. पंधरा वर्षांखालच्या मुलांना प्रवेशशुल्क नाही.

सुरुवातीलाच पायऱ्यांची चढण आहे. ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी डोली मिळते. चार माणसे खुर्ची उचलून नेतात. बसण्याआधी दर ठरवावा आणि जाऊन-येऊन किती, थांबण्याचे वेगळे किती, हे स्पष्ट करून घ्यावे. सासूबाईंना डोलीत बसायला लाज वाटत होती. "लोक काय म्हणतील?" लोक काहीही म्हणत नाहीत. लोक स्वतःच्या गुडघ्यांचा विचार करत असतात.

तीसच्या तीस लेणी पाहण्याचा हट्ट धरू नये. पहिले, दुसरे, दहावे आणि सतरावे एवढी चार निवांत पाहावी. पाय चांगले असतील तर सव्विसावे, तिथे सुमारे सात मीटर लांबीची पहुडलेल्या बुद्धाची मूर्ती आहे. पहिल्या लेण्यात हाती कमळ धरलेला पद्मपाणी आहे, त्याचा फोटो आपण शाळेच्या पुस्तकात पाहिलेला असतो. दुसऱ्या लेण्यात झोपाळ्यावर बसलेली नागकन्या इरंदती शोधा. सतराव्यात आरशात बघून शृंगार करणारी राजकन्या आहे. दीड हजार वर्षांपूर्वीची ही चित्रे. पण झोपाळ्याची दोरी धरण्याची तऱ्हा आणि आरशात बघताना मानेला दिलेला बाक आपल्या ओळखीचा वाटतो. दहावे लेणे त्याहून जुने, इसवी सनापूर्वीचे. जॉन स्मिथला दिसलेली कमान ती हीच.

आत अंधार असतो. शिरल्याबरोबर 'काहीच दिसत नाही' म्हणून बाहेर पडू नये. पाचेक मिनिटे शांत उभे राहावे, डोळे सरावले की भिंतींवरची माणसे हळूहळू पुढे येतात. फ्लॅशचा उजेड चित्रांना बाधतो, त्याला बंदी आहे. चित्रांच्या लेण्यांत जोडे काढावे लागतात, म्हणून बंदांचे बूट न घालता चटकन निघणाऱ्या चपला घालाव्या. वानरे फार आहेत. हातात खाऊची पिशवी दिसली की ती गेलीच समजा.

बाराच्या आत खाली यावे. जेवून दुपारी खोलीवर सरळ झोपावे. हो, झोपावे. 'इतके पैसे खर्चून झोपायला आलो का?' असे कोणी म्हटले तर 'हो' म्हणावे. संध्याकाळी तिठ्यावरच्या दुकानांत चक्कर मारावी. या पाषाणाच्या पोकळ्यांत सापडणारे स्फटिक तिथे विकायला असतात. घासाघीस करावी, आणि दरीतला दगड मात्र कोणी फोडू नये.

तिसरा दिवस: परतीचा एकच थांबा

परतीच्या दिवशी सगळे कंटाळलेले असतात आणि भांडणेही त्याच दिवशी होतात. म्हणून थांबा एकच ठेवावा: अजिंठा गाव. लेण्यांना नाव मिळाले ते याच गावाचे. ईस्ट इंडिया कंपनीने 1844 मध्ये लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायला रॉबर्ट गिल नावाचा अधिकारी नेमला. त्याने वर्षानुवर्षे खपून केलेल्या नकलांपैकी बहुतेक 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या. त्याच्या आयुष्यात आलेल्या पारोची समाधी या गावात आहे. ती 1856 मध्ये वारली. गिल स्वतः भुसावळला चिरविश्रांती घेत आहे. आपल्या जिल्ह्यातले कवी ना. धों. महानोर यांनी याच पारोवर 'अजिंठा' हे दीर्घकाव्य लिहिले आणि त्यावर 2012 मध्ये चित्रपट निघाला.

गावापासून थोड्या अंतरावर अजिंठ्याच्या डोंगररांगेचा माथा आहे. मुलांना भूगोल शिकवायला यासारखी जागा नाही. इकडे दक्षिणेला पडलेले पाणी शेवटी गोदावरीला मिळून पूर्वेच्या समुद्रात जाते. तिकडे वाघोरेत पडलेले वाघूर नदीतून तापीला आणि तापीतून पश्चिमेच्या समुद्राला. मी आठवड्यातून तीन दिवस शाळेत शिकवते. 'जलविभाजक' हा शब्द फळ्यावर कितीही वेळा लिहिला तरी मुलांच्या चेहऱ्यावर काही उमटत नाही. इथे माझ्या मुलाने पाण्याच्या बाटलीतले दोन थेंब सांडून विचारले, "म्हणजे हा थेंब आपल्या पैठणच्या बाजूला जाणार?" समजले!

दुपारच्या जेवणाला सिल्लोड आणि दिवेलागणीच्या आत घर.

शिदोरी किती आणि कोणती

तीन दिवसांचा स्वयंपाक बरोबर नेऊ नये. फक्त पहिल्या दिवसाचा डबा आणि अडीअडचणीचे कोरडे. दशम्या दोन दिवस छान राहतात. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, गूळ, भाजलेले हरभरे, आणि आपल्या पाचोडची मोसंबी. मोसंबी सोलली की तहानही भागते आणि तोंडाला चवही येते. बटाट्याची भाजी, दही, ओल्या नारळाची चटणी गाडीतल्या उष्णतेत लवकर आंबते, ती टाळावी. पुढची जेवणे बाहेर. घरातल्या बाईने तीन दिवस पोळपाट पाहू नये, हा सहलीचा नियमच करावा.

पाण्याची गोष्ट, स्पष्टपणे

प्रवासात आपण बायका पाणी पीत नाही. कारण सगळ्यांना माहीत आहे, बोलत कोणी नाही. 'जायचं कुठे?' ही चिंता असते. मग डोके दुखते, चक्कर येते आणि घरी आल्यावर लघवीला जळजळ सुरू होते. तेव्हा स्वच्छतागृहाचे थांबे आखणीतच लिहावे: संभाजीनगरजवळचा पेट्रोल पंप, सिल्लोडचे जेवणाचे ठिकाण, फर्दापूरचा तिठा. दीड-दोन तासांच्या आत एक थांबा हवाच. कोणी सांगण्याची वाट न बघता गाडी थांबवायची, हे गाडी चालवणाऱ्याला निघण्याआधी बजावून ठेवावे. पर्समध्ये साबणाची वडी, कागदी रुमाल आणि एक लहान पाण्याची बाटली वेगळी असू द्यावी.

उन्हाचा किंवा जुलाबाचा त्रास झालाच तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून थोडे थोडे पाजावे. ज्यांना गाडी लागते त्यांना पुढच्या सीटवर बसवावे, लांब रस्त्याकडे बघायला सांगावे, पोट रिकामेही नको आणि तुडुंबही नको. आलेपाकाची वडी तोंडात धरली की बरे वाटते. रक्तदाब, मधुमेह असणाऱ्यांची औषधे दोन वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवावी, म्हणजे एक पिशवी राहिली तरी अडत नाही.

खर्चाचा अंदाज

जाऊन-येऊन आणि आतले रस्ते धरून साडेतीनशे किलोमीटर होतात. लिटरला पंधरा किलोमीटर जाणारी गाडी असेल तर तेवीस-चोवीस लिटर इंधन. त्याला त्या दिवशीच्या दराने गुणले की आकडा आला. भाड्याची जीप असेल तर किलोमीटरचा दर, चालकाचा भत्ता आणि रात्रीच्या मुक्कामाचे पैसे हे तिन्ही आधी कागदावर घ्यावे. एसटीने जायचे तर पाचोडहून संभाजीनगर आणि तिथून जळगावची गाडी, ती फर्दापूरवरून जाते. महिलांना 2023 पासून एसटीत अर्धे तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत. व्ह्यू पॉइंटसाठी मात्र अजिंठा किंवा फर्दापुरातून रिक्षा-जीप करावी लागेल. दोन कुटुंबांनी मिळून केली तर जड जात नाही.

गृहिणीची रजा

आता शेवटचे आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे. सहलीत सगळ्यांची कामे थांबतात, एकीचे थांबत नाही. टॉवेल कुठे, पावडर कुठे, आईची गोळी कुठे, हे प्रश्न दरीच्या काठावरही पाठ सोडत नाहीत. त्याचा इलाज बडबड हा नाही, कागद हा आहे. निघण्याच्या आठवडाभर आधी सगळ्यांना बसवून एक कागद करावा. पैसे आणि खोली यांच्याकडे. आईंची औषधे थोरल्या मुलीकडे. पाण्याच्या बाटल्या धाकट्याकडे. प्रत्येकाची बॅग ज्याची त्याने भरायची आणि ज्याची त्याने उचलायची. आपल्याकडे फक्त डबा. आमच्याकडे पहिल्या वेळी मुलाने तिन्ही दिवस एकच शर्ट घातला. काही बिघडले नाही.

परतल्यावरच्या दिवसाचाही विचार आधी करावा. दुसऱ्या दिवशी शक्यतो शाळा-कचेरी नको. रात्रीला खिचडी. धुणे दोन दिवसांत वाटून. सहलीचा थकवा बहुतेक वेळा सहलीत नसतो, तो घराच्या दारात वाट बघत उभा असतो.

निघण्याआधी एकदा पाहा

- वार तपासला? (अजिंठ्याला सोमवार नको.)
- खोली तळमजल्याची ठरली?
- घडीची खुर्ची, सतरंजी, विजेरी, टोप्या?
- औषधे दोन पिशव्यांत?
- रस्त्याचे काम कुठे चालू आहे का, ते विचारले?
- दूधवाल्याला सांगितले? गॅसचे बटण, पाण्याची मोटर बंद?
- तुळशीला पाणी घालायला आणि घरावर नजर ठेवायला शेजारी सांगितले?
- आणि ज्या माणसाला आपण नेहमी घरी ठेवून जातो, त्याला विचारले?

यातल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल तर बॅगा भरण्याआधी आधी ते विचारा. बाकीचे सगळे सिल्लोडला विकत मिळते.